सूचना : येत्या रविवारची स्नेहभेट, विषय बावला खून खटला

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपल्या मंडळाची मासिक स्नेहभेट येत्या रविवारी सकाळी ठीक ७.३० वाजता मलबार हिलवरील हँगिंग गार्डनच्या प्रवेशद्वारापाशी सुरू होईल. तेथून थोडे फिरून आपण पायी गिरगाव चौपाटीकडे उतरू आणि चहा-नाश्त्यानंतर पांगू.

१२ जानेवारी १९२५ रोजी याच टेकडीवर व्यापारी अब्दुल कादिर बावला यांचा त्यांच्याच मोटारीत खून झाला. सोबतच्या मुमताज बेगमला (पूर्वी इंदूर दरबारात असलेल्या नर्तकीला) पळवून नेण्याचा हल्लेखोरांचा डाव होता. परंतु योगायोगाने तेथून जाणाऱ्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी, त्यांपैकी एकाने तर हातातल्या गोल्फच्या काठीनिशी, तो उधळला. मुंबई उच्च न्यायालयातील खटल्यात एका आरोपीचे वकीलपत्र बॅरिस्टर जिना यांनी घेतले होते, आणि प्रकरणाचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोहोचल्याने १९२६ साली तेथील महाराज तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली.

कृपया पुढील गोष्टी पाळाव्यात :

- येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत चिटणीसांना कळवावे. नाश्त्याचा खर्च ज्याचा त्याने करावा.
- परिसर निवासी आहे. इमारतींची छायाचित्रे घेऊ नयेत, पहारेकऱ्यांना प्रश्न विचारू नयेत.
- मुमताजच्या चारित्र्याविषयी शेरेबाजी नको. मागील भेटीत अशाच गप्पांत तास गेला आणि साक्षीपुरावे बाजूलाच राहिले.

वाहनतळाची अडचण असल्याने शक्यतो बसने यावे.

– चिटणीस