हौशी गोल्फरने टार्गेट कशाचं ठेवायचं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर गोल्फ येतं ते कोण जिंकलं आणि किती अंडर पार (पार म्हणजे ठरवून दिलेले शॉट, त्यापेक्षा कमी) खेळलं एवढ्यापुरतंच. त्याबद्दल तक्रार नाही, पण हा खेळ खेळणारे बहुतेक सगळे माझ्यासारखे हौशी असतात, जमलं तर आठवड्यातून एकदा खेळणारे, आणि त्यांच्या कामाचं कुणी फारसं लिहीत नाही म्हणून हे पत्र. विषय एकच, स्वतःसाठी टार्गेट कसलं ठेवायचं. मी बारा वर्षं खेळतोय आणि त्यातली सात-आठ वर्षं चुकीच्या टार्गेटमागे धावण्यात गेली.

कुठल्याही हौशी गोल्फरला विचारा, उत्तर आकड्यातच येतं. अठरा होलच्या राउंडला एकूण शॉट यंदा शंभरच्या आत आणायचेत, यंदा नव्वदच्या आत आणायचेत. माझंही तेच होतं. एकदा सतरा होल झाले तेव्हा माझे ८४ झाले होते, शेवटचा होल पार चारचा, म्हणजे बोगी (पारपेक्षा एक शॉट जास्त) केली तरी ८९. तिसऱ्या शॉटला बॉल ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर आला, होल आठ पावलांवर, दोन पटमध्ये (पट म्हणजे ग्रीनवर बॉल होलकडे घरंगळवायचा शॉट) संपवायचं एवढंच बाकी. पण डोक्यात फक्त ८९ फिरत होतं, ना उतार नीट बघितला ना ग्रीनचा वेग, पहिला पट चार फूट कमी पडला, दुसरा कडेवरून गेला आणि कार्डावर ९० लागले. त्या दिवशी घरी येईपर्यंत कुणाशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की ८९ हा आकडा काही मी खेळू शकत नाही, मी खेळू शकतो तो फक्त समोरचा पट.

आणि त्या आकड्याचा तरी काय भरवसा? एका कोर्सवरचे ९२ आणि दुसऱ्यावरचे ९२ सारखे नसतात, म्हणून तर कोर्सला स्लोप रेटिंग असतं, हौशी खेळाडूला तो किती अवघड जातो ते सांगणारं, ५५ ते १५५ पर्यंत, त्यात ११३ म्हणजे सर्वसाधारण. हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, २०२० पासून त्याची जी जागतिक पद्धत आली तिच्यात तुमच्या शेवटच्या २० राउंडपैकी सगळ्यात चांगले ८ धरून सरासरी काढतात, म्हणजे बाकीचे बारा त्या हिशोबात धरतच नाहीत. एखाद्या होलवर पुरती वाट लागली तरी हँडिकॅपसाठी त्या होलचा स्कोअर एका मर्यादेच्या वर धरत नाहीत. पद्धतच जर एका वाईट दिवसाला एवढं मनावर घेत नसेल तर आपण का घ्यायचं!

मग मी एक छोटी वही केली. प्रत्येक होलनंतर चार गोष्टी लिहायच्या, टी शॉट (होलचा पहिला शॉट) खेळात राहिला का, ग्रीन किती शॉटमध्ये गाठलं, पट किती, पेनल्टी, म्हणजे दंडाचे शॉट, किती. दहा राउंडनंतर वही उघडून बसलो आणि चकितच झालो, कारण इतकी वर्षं मी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जाऊन ड्रायव्हरच, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठीच, मारत होतो, अजून वीस यार्ड पाहिजेत म्हणून, आणि शॉट वाया जात होते ते भलतीकडेच. राउंडमागे तीन-चार वेळा थ्री-पट (एकाच ग्रीनवर तीन पट), दोन पेनल्टी. आणि थ्री-पट छोटा पट चुकल्यामुळे होतो असं वाटायचं तेही बरोबर नव्हतं, लांबचा पहिला पट सहा-सात फूट लांब थांबायचा, खरा घोळ तिथेच होता. टूरवरचे प्रोसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, तिथून आपण रोज घालू अशी अपेक्षाच चूक.

तेव्हा टार्गेट बदललं. पहिला पट होलपासून तीन फुटांच्या आत थांबला पाहिजे, बस्स. प्रॅक्टिस ग्रीनवर होलभोवती टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या) टोचून गोल करतो, दहा पावलांवरून दहा बॉल, किती आत थांबले ते लिहितो. सुरुवातीला तीन-चार यायचे, आता सात येतात. यात नशीब नाही, वारा नाही, बरोबरचा खेळाडू कसा खेळतोय याचाही संबंध नाही.

ज्यांना शंभरच्या आत यायचंच आहे त्यांनी एक हिशोब जरूर करून बघावा. पार ७२ च्या कोर्सवर नऊ होल बोगी आणि नऊ होल डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त) केले तरी ९९ होतात, एकही पार लागत नाही. टूरवरचे खेळाडू सरासरी अठरापैकी बाराच्या आसपास ग्रीन वेळेत, म्हणजे पारसाठी दोन पट हातात ठेवून, गाठतात आणि आपण प्रत्येक ग्रीनवर थेट जायचा हट्ट धरून बॉल पाण्यात घालतो. झाडीत बॉल गेला तर आडवा बाहेर काढायचा हेसुद्धा टार्गेट असू शकतं आणि फार चांगलं टार्गेट आहे ते.

आमच्या ग्रुपमधल्या एका ज्येष्ठांचं टार्गेट मला सगळ्यात आवडतं. सत्तरी ओलांडलीय, ते स्कोअर लिहीतच नाहीत, अठरा होल पूर्ण चालत, स्वतःची बॅग स्वतः ओढत संपवायचे एवढंच ठरवलेलं. शेवटच्या ग्रीनवर त्यांचा चेहरा बघावा, कुठल्याही ट्रॉफीवाल्यापेक्षा कमी नसतो.

तर विनंती अशी की महिन्यातून एकदा तरी अर्धा कॉलम आमच्यासाठी द्या, कमी वेळात प्रॅक्टिस कशी करावी, आपला खेळ वहीत कसा मांडावा, हँडिकॅप कसं समजून घ्यावं. लिहिणारे पुष्कळ मिळतील, मीही लिहीन.

माझं सध्याचं टार्गेट बंकरचं (वाळूच्या खड्ड्याचं) आहे, पहिल्याच शॉटला बाहेर, मग बॉल ग्रीनवर कुठेही पडो. वहीत पाचवा रकाना आखलाय. गेल्या चार राउंडमध्ये सातपैकी चार वेळा जमलंय.

आपला,
एक नियमित वाचक