साडेसातची मिटिंग

ठाणे,
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा रात्री फोनवर तू "दारू सोडायची आहे, मला एखादा ग्रुप शोधून दे" असे म्हणालास आणि त्यापुढे आपल्या दोघांनाही बोलता येईना. तेव्हा जे राहून गेले ते सावकाश सांगावे म्हणून हे पत्र लिहितो आहे.

आधी एक गोष्ट, आणि ही मात्र ऐकच. तू कित्येक वर्षे रोज पीत आला आहेस आणि सकाळी तुझे हात थरथरतात, हे मला वहिनींकडून कळले आहे. अशा माणसाने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू तोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावरही बेतू शकते. म्हणून उद्याच डॉक्टरांकडे जा आणि रोज किती पितोस ते खरे सांग. दाखल होण्याचा सल्ला मिळाला तर लाज वाटून घेऊ नकोस, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेली कितीतरी माणसे आज सुखाने नांदत आहेत. ग्रुपची मिटिंग उपचारांच्या जागी नसते, ती उपचारांच्या सोबत आणि त्यांच्यानंतरही चालू राहते.

ग्रुप शोधणे अवघड नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे आपण ज्याला 'एए' म्हणतो, त्याच्या भारतातील संकेतस्थळावर मिटिंगांची माहिती मिळते; १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवरही विचारता येते. फोन करशील तेव्हा मिटिंग मराठीत असते का आणि ती 'ओपन' आहे की 'क्लोज्ड', एवढे विचारून घे. ओपन मिटिंगला घरच्यांनाही बसता येते. क्लोज्ड मिटिंग फक्त दारूपासून सुटू पाहणाऱ्यांची असते. फी नाही, अर्ज नाही, आडनाव कोणी विचारत नाही. शेवटी एक पिशवी फिरते, तिच्यात काही टाकलेच पाहिजे असे नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट.

माझी पहिली मिटिंग एका शाळेच्या वर्गात होती. मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून पंधरा-सोळा माणसे बसली होती आणि मी दाराजवळचा बाक धरला होता, उठून जाता यावे म्हणून. एकेक जण उठून आपले नाव सांगत होता, "मी अल्कोहोलिक आहे" असे म्हणत होता आणि मग स्वतःबद्दल बोलत होता. कोणी मध्ये तोडत नव्हते, कोणी सल्ला देत नव्हते. एका रिक्षाचालकाने मुलीच्या शाळेची फी कशी पिऊन टाकली ते सांगितले, तेव्हा मी मान खाली घातली, कारण आईच्या औषधांचे पैसे मीही असेच उडवले होते आणि ते आजवर कोणाला सांगितले नव्हते. त्या दिवशी मी एक शब्दही बोललो नाही. मला वाटते, पहिल्या दिवशी तूही बोलू नकोस, नुसते ऐक.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, ती मला फार उशिरा उमगली. मिटिंग साडेसात ते नऊ होती, आणि माझे पाय बारकडे वळायचे तीही हीच वेळ. वर्गातून बाहेर पडलो तोवर ती घटका टळून गेली होती. 'फक्त आजचा दिवस' असे तिथे म्हणतात, त्याचा अर्थ मला त्या दीड तासात कळू लागला.

माझी एक चूक तू करू नकोस. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून मी मुद्दाम घरापासून दूरचा, दादरचा ग्रुप निवडला होता. पावसाळा आला, लोकल रखडू लागल्या, एक गुरुवार चुकला, मग दुसरा, आणि तिसऱ्या गुरुवारी मी प्यायलो. आता चालत दहा मिनिटांवर असलेल्या ग्रुपला जातो. एक ग्रुप मानवला नाही तर दुसरा पाहा, पण पाचसहा मिटिंगा झाल्याशिवाय निवाडा करू नकोस.

"तिथे देवाचे नाव घेतात, मला ते जमणार नाही," असे तू म्हणालास. एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूतून सुटण्याच्या तिथल्या वाटेत, देवाचा उल्लेख आहे हे खरे, पण आपापल्या समजुतीप्रमाणे, असेही तिथेच म्हटले आहे. मी स्वतः त्या जागी समोर बसलेल्या माणसांनाच मानत आलो आहे, आणि त्यावरून मला कोणी कधी हटकले नाही.

वहिनींना अल-अ‍ॅनॉनबद्दल जरूर सांग. ते घरच्यांचे ग्रुप आहेत. तू मिटिंगला येवोस वा न येवोस, त्यांना तिथे जाता येते, आणि त्यांनीही खूप सोसले आहे.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल नावाचा एक शेअरदलाल व्यवहार फिसकटल्यामुळे हॉटेलात एकटा पडला होता. आपण पुन्हा पिऊ या भीतीने त्याने दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलता यावे म्हणून फोन फिरवले आणि डॉ. बॉब या शल्यविशारदाशी त्याची गाठ पडली. एएची सुरुवात तिथली. तो गेला होता स्वतःला वाचवायला, हे लक्षात ठेव. तू माझ्यावर भार टाकतो आहेस असे परवा म्हणालास, ते खरे नाही. तुझ्याशी बोलल्यामुळे माझाही आजचा दिवस निभावतो.

डॉक्टरांनी हिंडायफिरायला परवानगी दिली की मला कळव. येत्या किंवा त्यापुढच्या गुरुवारी मी सात वाजता स्टेशनच्या पुलाखाली, तिकीटखिडकीजवळ उभा असेन. त्या दिवशी प्यायला असलास तरीही ये.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
शाळेतला बाकसोबती