दादा आता माझ्याकडे राहील

प्रिय आई, बाबा,

सा. न. फोनवर हा विषय काढला की आई रडते आणि बाबा फोन तिच्याच हातात देतात, म्हणून लिहितेय. पुढच्या महिन्यापासून दादा माझ्याकडे राहायला येईल. ठरलंय. डॉक्टरांशी बोलले, आणि त्यांच्याही आधी दादाशी. त्याने एवढंच विचारलं, "रेडिओ आणू ना?" कानाला हेडफोन लावून गाणी ऐकली की स्किझोफ्रेनियामुळे त्याला ऐकू येणारे ते आवाज जरा मागे पडतात, हे त्याचं त्यानेच शोधून काढलंय.

तुमचं काही कमी पडलं म्हणून नेतेय, असं कृपा करून मनात आणू नका. रात्री त्याची पावलं वाजली की आई उठून बसते आणि बाबा, तुम्ही जागे असूनही डोळे मिटून पडता. असं अजून किती वर्षं? उद्या तुमच्यापैकी कुणाला दवाखान्यात राहावं लागलं, तर त्याला एका रात्रीत हलवावं लागेल. मोडलेली झोप आणि अचानक झालेला बदल, नेमकं हेच त्याला सोसत नाही. तुम्ही दोघं हिंडतेफिरते असताना, थोडे दिवस इथे, थोडे तिथे असं करत त्याला रुळू दे.

आई, "माझ्याच वागण्यात काही चुकलं" हे आता पुरे. फ्रीडा फ्रॉम-राइखमान नावाच्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९४८ साली आईच्या वागण्यावर या आजाराचं खापर फोडलं, आणि पुढे कितीतरी आया ते ओझं वाहत राहिल्या. ते म्हणणं संशोधनात टिकलं नाही. स्किझोफ्रेनियात अनुवंशाचा वाटा मोठा असतो, पण तेवढंच कारण नसतं. अगदी एकसारख्या जुळ्यांमध्येही एकाला झाला तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याला होत नाही. जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला हा आजार आहे. तितक्या आया चुकल्या असतील का गं?

आणि बाबा, तो दिवसभर पडून राहतो, आंघोळीचं मनावर घेत नाही, तो आळस नाही. भास आणि संशय गोळ्यांनी बरेच ओसरतात. ही आतली ओढच आटते ना, तिच्यावर गोळ्यांचा फारसा इलाज चालत नाही. तुम्ही "ऊठ, ऊठ" म्हणता ते जीव तुटतो म्हणून, मला ठाऊक आहे. पण ज्या घरात सारखं टोकणं किंवा सारखं जपणं होतं, तिथे आजार जास्त वेळा उलटतो, हे ब्रिटनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी १९५० च्या दशकात सुरू केलेल्या अभ्यासापासून वारंवार दिसलंय. एवढी वर्षं अहोरात्र काळजी वाहिली की कुणाचंही असंच होईल. मी दिवसा कामावर असेन. त्याला थोडा एकांत मिळेल, मलाही.

खोली मागच्या बाजूची दिलीय. रस्त्यावरच्या बोलण्यात त्याला स्वतःचं नाव ऐकू येतं, ते तरी टळेल. क्लोझापिन या त्याच्या गोळीमुळे रात्री लाळ गळून उशी भिजते, म्हणून वर घालायला टॉवेल वेगळे काढलेत. पांढऱ्या पेशींसाठीची रक्ततपासणी चुकणार नाही. पोट साफ झालं का, हे तो लाजला तरी रोज विचारेन, कारण या गोळीने होणारी बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते. सिगारेट मात्र मी एकदम बंद करायला लावणार नाही. ती अचानक सुटली तर या औषधाचं रक्तातलं प्रमाण चढतं; ते डॉक्टरांना विचारूनच.

लहानपणी दिवे गेले की मी तुम्हा दोघांना नाही, त्याला हाक मारायचे. तो अंधारात चाचपडत येऊन माझी करंगळी धरून बसायचा, दिवे येईपर्यंत. तो माझ्यावर भार होईल हे पुन्हा म्हणू नकोस, आई.

आता ऐका. त्याची सगळी फाइल, जुन्या चिठ्ठ्यांसकट, एका पिशवीत घाला. "आता बरा दिसतोय" म्हणून जायच्या आधी एकही गोळी कमी करायची नाही. बरा दिसतोय तो गोळ्यांमुळेच. फोनवर तो आवाजांबद्दल बोलला तर "असं काही नसतं" म्हणू नका, हो ला हो पण करू नका. "मला ऐकू येत नाही, पण तुला भीती वाटतेय ना?" एवढं विचारा. आई, फोन झाल्यावर हवं तेवढं रड, त्याच्यासमोर नको. दर सुट्टीला त्याला घेऊन येईन, त्याची कॉट हलवू नका.

आणि बाबा, "याला सोडून कसा जाऊ" म्हणत मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलत आलात. आता तारीख घ्या आणि मला कळवा. मी रजा टाकते.

तुमची,
धाकटी