लिंडा रॉनस्टॅट : उतरणीची नव्हे, घरची गाणी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकी गायिका लिंडा रॉनस्टॅट यांच्यावर आलेला लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात त्यांना अर्धे पान मिळाले याचा आनंद झाला. मात्र लेखातील एका विधानाबाबत लिहिल्यावाचून राहवत नाही. सत्तरच्या दशकात रॉकची राणी म्हणून गाजलेल्या या गायिकेची लोकप्रियता ओसरू लागली, तेव्हा ती आधी जुन्या पिढीच्या प्रेमगीतांकडे आणि मग मेक्सिकन लोकगीतांकडे वळली, असा लेखाचा सूर आहे. घटनाक्रम आणि या बाईंचे घर, दोन्ही नीट पाहिले तर हा सूर टिकत नाही.

सुरुवात घरापासून करतो. लिंडा यांचा जन्म १५ जुलै १९४६ रोजी अॅरिझोनातील टूसॉन येथे झाला. मेक्सिकोची सरहद्द तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. आजोबा मेक्सिकोतील सोनोरा प्रांतातून आलेले आणि गावात वाद्यवृंद चालवणारे. वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान, पण घरी आले की ते स्पॅनिश गाणी म्हणत. आत्या लुइसा एस्पिनेल ही स्पॅनिश आणि मेक्सिकन लोकगीतांची नावाजलेली गायिका होती आणि तिने वडिलांकडून ऐकलेली गाणी १९४६ मध्येच पुस्तकरूपाने छापली होती. थोरला भाऊ पुढे टूसॉनचा पोलीस प्रमुख झाला, पण लहानपणी तो मुलांच्या गायकवृंदात तारसप्तकात गात असे आणि लिंडा त्याच्या आवाजाची नक्कल करीत. दहा वर्षांची होईपर्यंत जे घरात कानांवर पडले नाही, ते आपण खरेपणाने गाऊ शकत नाही, असे त्यांनी मुलाखतींतून वारंवार सांगितले आहे. त्यांच्या वैविध्याची किल्ली या एका विधानात आहे आणि आपल्या लेखात नेमके तेच नाही.

अठराव्या वर्षी, १९६४ मध्ये, त्या लॉस एंजेलिसला गेल्या आणि बॉब किमेल व केनी एडवर्ड्स यांच्याबरोबर ‘स्टोन पोनीज’ हा गट उभा राहिला. १९६७ च्या ‘डिफरंट ड्रम’ या गाण्याने त्यांचे नाव झाले. पुढची काही वर्षे धडपडीची होती; १९७१ मध्ये त्यांच्या साथीला उभे राहिलेले ग्लेन फ्राय आणि डॉन हेन्ली यांनी पुढे ‘ईगल्स’ हा गाजलेला रॉक गट काढला, एवढे सांगितले तरी त्या काळाची कल्पना येईल. १९७४ च्या अखेरीस निर्माते पीटर अॅशर यांच्याबरोबर केलेली ‘हार्ट लाइक अ व्हील’ ही तबकडी आली आणि चित्र पालटले. त्यातील ‘यू आर नो गुड’ १९७५ च्या फेब्रुवारीत देशात पहिल्या क्रमांकावर पोचले, तर त्याच तबकडीतील हँक विल्यम्स यांच्या जुन्या गाण्यासाठी त्यांना कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण वळणाच्या, संगीताचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. रॉकची राणी ज्या तबकडीने घडली, तिच्यातच कंट्रीचे पारितोषिक होते, ही गोष्ट लेखकाच्या नजरेतून सुटली असावी.

१९७७ च्या ‘सिंपल ड्रीम्स’ने ‘फ्लीटवूड मॅक’ या गटाच्या ‘रूमर्स’ला पहिल्या स्थानावरून खाली उतरवले. त्यातील ‘ब्लू बायू’ मुळात रॉय ऑर्बिसन यांचे. लिंडा ते जवळजवळ पुटपुटत, खालच्या स्वरात सुरू करतात, ध्रुवपदाला आवाज मोकळा सोडतात आणि शेवटी भरल्या गळ्यातून अलगद पातळ, वरच्या आवाजात शिरून स्वर तिथेच ठेवून देतात. हा सांधा जिथे येतो तिथे कान देऊन ऐकावे. तो वापांगो या मेक्सिकन लोकगायकीतला आहे. म्हणजे मेक्सिको त्यांच्या गळ्यात दहा वर्षे आधीच होता, फक्त शब्द इंग्रजी होते.

आता उतरणीविषयी. १९८२ ची ‘गेट क्लोजर’ आधीच्या तबकड्यांइतकी खपली नाही, हे मान्य. पण १९८० च्या उन्हाळ्यात, ‘मॅड लव्ह’ ही तबकडी जोरात चाललेली असताना, त्या न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील उघड्या रंगमंचावर गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या ‘द पायरट्स ऑफ पेन्झान्स’ या संगीतिकेत मेबलच्या भूमिकेत उभ्या राहिल्या. ही भूमिका उंच आवाजाच्या अभिजात गायिकेसाठी लिहिलेली आहे. पुढे ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग; संगीत नाटकाची परंपरा माहीत असलेल्या मराठी वाचकाला त्यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत. त्यांना टोनी या नाट्यपारितोषिकासाठी नामांकन मिळाले. १९८४ मध्ये ‘ला बोहेम’ या ऑपेरात मात्र समीक्षकांनी त्यांना फारसे स्वीकारले नाही, आणि तेही लेखात यायला हवे होते, धाडस केले की पडणेही आलेच.

जुन्या प्रेमगीतांची ओढही १९८२ नंतरची नाही. १९८१ मध्येच निर्माते जेरी वेक्सलर यांच्याबरोबर त्यांनी अशा गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले होते. ते मनाजोगते झाले नाही म्हणून बाजूला ठेवले गेले. मग त्या नेल्सन रिडल यांच्याकडे गेल्या. फ्रँक सिनात्रा आणि एला फिट्झजेरल्ड यांच्या गाण्यांचे संगीत संयोजन करणारे हे गृहस्थ तोवर विस्मरणात चालले होते. ध्वनिमुद्रिका कंपनीच्या प्रमुखांनी हा नाद सोडा म्हणून विनवले. रॉकचा श्रोता हातचा जाईल, ही त्यांची भीती धंद्याच्या दृष्टीने चुकीची म्हणता येणार नाही. १९८३ मध्ये ‘व्हॉट्स न्यू’ निघाली आणि अमेरिकेत तिच्या तीस लाखांवर प्रती खपल्या. आणखी दोन तबकड्या झाल्या. तिसरी पूर्ण बाहेर येण्याआधीच, १९८५ मध्ये, रिडल वारले. लोकप्रियता टिकवण्यासाठी हा मार्ग कोणी सुचवला असता, तर त्या काळी लोक हसले असते.

१९८७ हे वर्ष तर या लेखकाने दोन ओळींत उरकले आहे. त्या वर्षी डॉली पार्टन आणि एमिलू हॅरिस यांच्यासह ‘ट्रिओ’ आली, आणि वर्षअखेरीस ‘कान्सियोनेस दे मी पाद्रे’, म्हणजे ‘माझ्या वडिलांची गाणी’. हे नाव आत्याच्या त्या पुस्तकाचेच. साथीला मेक्सिकोतील नामवंत ‘मारियाची वार्गास’ हा मारियाची, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीताचा, वाद्यवृंद, संयोजनाला रुबेन फुएंतेस. ही तबकडी एका मित्राने मला ध्वनिफितीवर उतरवून दिली होती. स्पॅनिशचा एक शब्द कळत नव्हता, तरी ‘ला सिगारा’मध्ये त्या वरच्या स्वरावर थांबतात आणि मागचे व्हायोलिनवाले जणू वाट पाहत राहतात, तिथे मी फीत मागे नेऊन पुन्हा ऐकत असे, अखेर ती तेवढ्याच जागी झिजली. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते.

लेखाच्या शेवटी त्या स्वतः गाणी लिहीत नसत, हे उणेपण म्हणून नोंदवले आहे. लता मंगेशकर आणि आशा भोसले यांना घडवणाऱ्या भाषेत हा आक्षेप यावा, याचे नवल वाटते. दुसऱ्याचे गाणे घेऊन त्यात स्वतःची जागा शोधणे हेच या बाईंचे काम होते आणि अनेक नवोदित गीतकारांना त्यामुळे श्रोते मिळाले.

७ नोव्हेंबर २००९ रोजी टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला, तोही मारियाची वाद्यवृंदासह. आवाज साथ देईनासा झाल्याची जाणीव त्यांना बऱ्याच आधी झाली होती; २०१३ मध्ये पार्किन्सन्सचे निदान जाहीर झाले, आणि नंतर तो ‘प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी’ हा त्याच्याशी साधर्म्य असलेला मेंदूविकार असल्याचे स्पष्ट झाले. २०१४ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला तेव्हा त्या गेल्या नाहीत. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते कलांचे राष्ट्रीय पदक स्वीकारायला मात्र चाकांच्या खुर्चीतून व्हाइट हाउसमध्ये गेल्या.

२०१९ च्या त्यांच्यावरील माहितीपटाच्या अखेरीस त्या एका खोलीत पुतण्या आणि चुलतभाऊ यांच्यासह बसल्या आहेत. एक जुने स्पॅनिश गाणे चालू आहे, आणि त्या अगदी हलक्या, थकलेल्या आवाजात दोघांच्या स्वरात आपला स्वर मिसळत आहेत. हे काही खरे गाणे नव्हे, असे त्या स्वतःच सांगतात, आणि गात राहतात.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक, सांगली