दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायाचा पुरावा त्याच्या विधवेकडे मागू नका

मा. मंत्री महोदय,
माजी सैनिक कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : दुसऱ्या महायुद्धातील बिनपेन्शनी सैनिक व त्यांच्या विधवांच्या नोंदीबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना आपलं राज्य सरकार दरमहा अनुदान देतं. ही चांगली गोष्ट आहे आणि ती आधीच मान्य करून टाकतो, कारण यापुढे सगळी तक्रारच आहे. रक्कम कमी की जास्त, यावर मला आज बोलायचं नाही. ज्या कागदाच्या जोरावर ते अनुदान मिळतं, तो कागद सरकारी नियमानेच नष्ट झालेला आहे आणि तोच आता नव्वदीच्या बाईकडे मागितला जातो, एवढंच मला सांगायचं आहे.

मी तोफखान्यात क्लार्क होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि नाशिकरोडलाच घर केलं. रेकॉर्डचं काम केलेला माणूस म्हटल्यावर आसपासच्या तालुक्यांतून लोक पिशवीत कागद घालून येतात. कुणाचा हयातीचा दाखला ‘स्पर्श’ या सैनिकी पेन्शनच्या संकेतस्थळावर चढत नाही, कुणाच्या पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, बायकोचं नाव चुकलेलं असतं, कुणाचं ईसीएचएस या माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं कार्ड रखडलेलं असतं. ही कामं उशिरा का होईना, होतात. अडून बसतात ती १९४६ च्या सुमारास घरी आलेल्यांची प्रकरणं.

जवानाला पेन्शन हवी तर १५ वर्षांची नोकरी लागते. महायुद्धासाठी भरती झालेल्यांची लढाई संपताच गरज संपली. हातावर ग्रॅच्युइटी ठेवून त्यांना घरी पाठवलं. पुढे दुसरा नियम आडवा आला. ज्याला पेन्शन नाही, त्याची सेवेची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करायची. म्हणजे १९४६ ला सुटलेल्या शिपायाचे कागद १९७१ नंतर केव्हाही गेले असणार. तेव्हा त्याने पन्नाशीही गाठली नसेल, ज्वारी-बाजरी करत असेल आणि आपल्याला कधी काही मागावं लागेल हे त्याच्या स्वप्नातही नसेल. मागे राहतो तो लाँग रोल. जाडजूड रजिस्टर आणि त्यात माणसाच्या नावे जेमतेम एक ओळ : नंबर, नाव, भरती कधी झाला, सुटला कधी आणि का. अनुदान द्यायला याहून जास्त काय लागतं, ते आपणच सांगा.

सिन्नर तालुक्यातल्या एका आजींचे यजमान मराठा पलटणीतून इटलीला गेले होते. सुटताना हाती दिलेलं सेवेचं पुस्तक, डिस्चार्ज बुक, वाळवीने खाल्लं. उरलं होतं एक पदक, ते नातवाने चिंच लावून घासून आणलं. एका बाजूला सहाव्या जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला दोन तोंडांच्या ड्रॅगनवर पाय रोवून उभा सिंह. ब्रिटनमधल्या सैनिकांना ही पदकं बिननावाची मिळाली, आपल्याकडच्यांच्या पदकावर मात्र नंबर आणि नाव ठोकून देत. उन्हात, भिंगाखाली धरून मी ते सावकाश फिरवत गेलो आणि कडेवरची अक्षरं वाचत गेलो. नंबर पूर्ण लागला, नाव लागलं, पलटणही लागली. रेकॉर्डवाल्या माणसाला एवढा धागा पुष्कळ झाला.

एका कार्यालयात मात्र ते पदक ‘पुराव्याच्या यादीत नाही’ म्हणून टेबलावरून परत सरकवलं गेलं. वर सूचना मिळाली की यजमानांबरोबर लढाईत असलेले दोन साक्षीदार आणा. आजी म्हणाल्या, ‘‘ते सगळे वर गेलेत साहेब. मी निघालेच आहे, तिथून पाठवते.’’ साहेबही हसले, पण अर्ज काही हलला नाही. त्या साहेबांवर माझा राग नाही. यादीबाहेरचा कागद घेतला तर उद्या ऑडिटवाला त्यांनाच धरणार. म्हणून तर हे पत्र त्यांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

त्या युद्धात हिंदी सैन्यात सुमारे २५ लाख माणसं होती आणि त्यांतली सुमारे ८७ हजार परत आली नाहीत. जे गेले त्यांची नोंद राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने जपली आहे. इटलीत फोर्लीला हिंदी सैनिकांची वेगळी दफनभूमी आहे, सांग्रो नदीकाठी दहन झालेल्यांचं स्मारक आहे. रायगडच्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले आणि व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी ठरले. त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ तिथल्या मोंतोने गावात २०२३ साली बसवलं गेलं. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना गोळीबारातून बाहेर काढलं आणि तोच सन्मान मिळवला. ते जिवंत परतले. असे जिवंत परतलेले, पण मोठं पदक न मिळालेले जे हजारो होते, त्यांची गाववार यादी कुठल्या सरकारकडे तयार असल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

याचं कारणही उघड आहे. लंडनच्या लेखी ही माणसं परदेशी झाली आणि दिल्लीच्या लेखी मागच्या राजवटीची. ‘इंग्रजांसाठीच लढले ना?’ असं नाशिकमध्येही ऐकू येतं, म्हणून थोडं विषयांतर करतो. देवळाली कॅम्पला लागून भगूर आहे. त्या भगूरचे सावरकर त्या काळात तरुणांना सैन्यात भरती व्हा म्हणूनच सांगत होते. डॉ. मुंज्यांनी १९३७ साली इथे भोसला मिलिटरी स्कूल काढलं ते हौसेखातर नव्हे, पोरांना लष्करी शिक्षण मिळावं म्हणून. आणि ज्यांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह लढवला त्या डॉ. आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत असताना महार रेजिमेंटसाठी आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९४१ ला ती बेळगावला उभी राहिली. भाकरीसाठी गेलेले होते, मानासाठी गेलेले होते, घरच्यांशी भांडून गेलेलेही होते. आझाद हिंद सेनेतल्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून सन्मान पेन्शन मिळाली, ती मिळायलाच हवी होती. त्यांतले बरेच जण आधी याच पलटणींत होते. दोघांची बेरीज-वजाबाकी मला करायची नाही.

दुसऱ्या देशांनीही आपल्या बाजूने लढलेल्या परक्यांना असंच टांगून ठेवलं. फिलिपिनो सैनिक अमेरिकेच्या झेंड्याखाली जपान्यांशी लढले आणि १९४६ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून त्यांचे बहुतेक हक्क काढून घेतले. २००९ साली एकरकमी भरपाई मंजूर झाली : अमेरिकी नागरिक असेल तर १५ हजार डॉलर, नसेल तर ९ हजार. त्यातले निम्म्याहून जास्त अर्ज फेटाळले गेले आणि पुष्कळांच्या बाबतीत कारण हेच, की नाव सरकारी दप्तरात सापडत नाही. ओरड झाल्यावर २०१२ साली दप्तराची पडताळणी नेमकी कशी होते ते तपासायला वेगळा गट नेमावा लागला. फ्रान्सने वसाहतींतल्या सैनिकांची पेन्शन १९५९ साली गोठवली आणि फ्रेंच सैनिकांच्या बरोबरीला आणायला सुरुवात झाली ती २००७ मध्ये. ब्रिटनने २०१८ साली सुमारे १ कोटी २० लाख पौंड जाहीर केले. राष्ट्रकुलातले जे गरजू सैनिक आणि विधवा स्वातंत्र्यापूर्वी राजमुकुटासाठी लढले, त्यांना दोन वेळचं जेवण मिळावं म्हणून. सिन्नर-निफाडकडे त्या ताटातलं शीत आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

हिशोबाचीच गोष्ट निघाली आहे तर भारत आणि ब्रिटनमधला १९४८ चा स्टर्लिंग करारही आठवू या. युद्धकाळात इथून घेतलेल्या मालाचे आणि सैन्याचे पैसे ब्रिटनने रोख दिले नव्हते, ते लंडनमध्ये आपल्या नावावर साठले होते. युद्ध संपलं तेव्हा ती शिल्लक १०० कोटी पौंडांच्या वर होती. त्याच शिलकीतून, त्या करारानुसार, इथून निवृत्त होऊन गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनची तरतूद म्हणून १६ कोटी पौंडांहून जास्त रक्कम भारताने मोजली. नवा, फाळणीने पोळलेला देश साहेबांची म्हातारपणची सोय करून मोकळा झाला. सांग्रोचा चिखल तुडवून आलेल्या शिपायाचं कलम त्या करारात नव्हतं. तेव्हा ‘ही जबाबदारी नक्की कुणाची’ हा वाद लंडन आणि दिल्लीने खुशाल घालावा, पण तोवर आजींना ताटकळत ठेवू नये.

आपल्याला करता येण्याजोगं जे आहे ते फार अवघड नाही. एक शासन निर्णय काढा की नंबर कोरलेलं पदक, जुनं पत्र, मनीऑर्डरची पावती, सैन्याचा नंबर असलेलं काहीही प्राथमिक पुरावा म्हणून घ्यावं आणि पुढचा शोध विभागाने स्वतः घ्यावा. मराठ्यांचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं इथेच नाशिकरोड कॅम्पात. पत्रव्यवहार सरकारने सरकारशी करायचा आहे, बाईने बेळगावच्या गाडीत बसायचं नाही. लाँग रोलमध्ये ओळ सापडली की अनुदान अर्जाच्या तारखेपासून सुरू. ठरलेल्या मुदतीत रेकॉर्डकडून उत्तर आलं नाही, तर अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र आणि गावचा पंचनामा खरा धरा. एखाद-दुसरा खोटा अर्ज घुसेल, हे मी क्लार्क असल्यामुळे आधीच सांगतो. तेवढा तोटा सरकारने सोसावा.

यादी करणं हे दुसरं काम. लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धात लढायला गेलेल्या पंजाबी सैनिकांची रजिस्टरं पडून होती. ब्रिटनमधल्या एका पंजाबी संस्थेने आणि ग्रीनिच विद्यापीठाने त्यांतल्या सुमारे ३ लाख २० हजार नोंदी संगणकावर आणायला घेतल्या आणि २०२१ पासून त्या टप्प्याटप्प्याने लोकांना घरबसल्या शोधता येऊ लागल्या. सरहद्दीपलीकडची रजिस्टरं लंडनमधून वाचता येतात आणि नाशिकरोडची सिन्नरमधून येत नाहीत. आपला विभाग संरक्षण मंत्रालयाला लिहून लाँग रोलमधल्या महाराष्ट्राच्या नोंदींची प्रत मागू शकतो. त्यात खलाशी, ड्रायव्हर, स्वयंपाकी, खेचरवाले हेही धरावेत. बंदूक हातात नव्हती म्हणून त्यांची नोंद आणखीच पातळ आहे.

हे तातडीचं आहे. त्या वेळी २० वर्षांचा असलेला शिपाई आज शंभरी ओलांडून गेला. आता अर्ज येतात ते बहुतेक विधवांचे, आणि तेही दर वर्षी कमी.

नाशिक जिल्ह्यापुरती सुरुवात करायची असेल तर मनुष्यबळाची अडचण सांगू नका. रेकॉर्डचं काम केलेले आम्ही काही निवृत्त क्लार्क इथे आहोत, जुनी इंग्रजी अक्षरं आम्हाला वाचता येतात आणि मानधन नको आहे. एक खोली, दोन टेबलं आणि रजिस्टर पाहायची लेखी परवानगी एवढं आपल्या सहीने मिळावं.

आपला,
तोफखान्याचा एक निवृत्त हवालदार (क्लार्क)
नाशिकरोड