रविवारी पांधणीने येते

नागपूर,
१७ मे २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांस साष्टांग नमस्कार.

हे फोनवरच सांगणार होते. या आठवड्यात तीनदा फोन केला आणि तीनही वेळा "जेवण झालं का, नात काय करते" एवढंच बोलून ठेवून दिला. बाबा मध्येच "बरं" म्हणतात ना, त्या "बरं"पुढे माझं लहानपणापासून काही चालत नाही. म्हणून लिहिते. आई, तू वाचून दाखव. पण चष्मा लावून, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय दादाला फोन लावू नकोस. त्याला सगळं माहीत आहे.

मी गाडी घेतली. जुनी आहे. महिंद्राची स्कॉर्पिओ, २०१५ची, डिझेल, फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकं ओढतात ती. पैसे देऊन झाले, नाव बदलून झालं, गॅरेजमधून कालच घरी आणली. मला नागपुरात तिचं काही काम नाही, माझी स्कूटर बरी आहे. ती तुमच्या अंगणात राहणार आहे.

मागच्या श्रावणातली ती रात्र मी पुन्हा उगाळत नाही. बाबा ट्रॉलीत आडवे, आई वरून ताडपत्री धरून, काकाजींचा लहाना पोरगा ट्रॅक्टरवर, आणि मी इथे स्वयंपाकघरात फोन कानाला लावून. ॲम्ब्युलन्स तर वेळेत येऊन पलीकडे डांबरीवर उभी होती. नाल्यावरच्या रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, पाणी चाललं होतं म्हणून तुम्ही पांधणीने, शेतांमधल्या बंडीवाटेने, फिरून निघालात, आणि त्या चार किलोमीटरला दीड तास लागला. सेवाग्रामला बाबांना वाचवलं. आई म्हणते, झालं ते झालं. माझं अजून झालेलं नाही, आई. पाऊस लागला की मी रात्री उठून फोनची रेंज बघते.

दादाचं म्हणणं तुम्हाला माहीतच आहे. पुण्याचा फ्लॅट, लिफ्ट, खाली दवाखाना. तो मनापासून म्हणतो, त्याच्यावर रागवू नका. पण मी तुम्हाला दिवाळीत तिथे पाहिलंय. बाबा गॅलरीत उभे राहून समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाक्या मोजत होते. आई तिसऱ्या दिवशीच "पऱ्हाटीचा कापूस वेचायला बाया मिळाल्या असतील का" म्हणून विचारत होती. तुम्हाला गावातून उचलून न्यायचं नाही, असं मी दादाला सांगितलं. पण मग पाऊस असो, झडी असो, गावातून दवाखान्यापर्यंत पोचायची सोय पाहिजे, हेही कबूल केलं. ही गाडी त्यासाठी आहे.

बाबा म्हणतील, मग साधी गाडी का नाही, नवी का नाही, एवढं मोठं धूड कशाला. सांगते. आपली माती तुम्हीच मला शिकवलीत, ती मी तुम्हाला शिकवावी, असं नको व्हायला. पण काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला कशी गुंडाळते, ते तुम्ही बैलबंडीच्या आऱ्यांतून काठीने गारा, तो चिकट चिखल, काढताना मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून पाहिलंय. साध्या गाडीची दोनच चाकं ओढतात. त्यांतलं एक गाऱ्यात फिरायला लागलं की सगळा जोर तिथेच जातो आणि गाडी जागच्या जागी खड्डा खणत बसते. फोर-बाय-फोरमध्ये पुढची चाकंही धरून ओढतात. अशी नवी गाडी आपल्या आवाक्यात नाही. थार पाहिली होती, दहा वर्षांपूर्वीची. पण तिच्या त्या जुन्या घडणीत मागे समोरासमोर बाक असतात. आईच्या गुडघ्यांना आणि आडवं बसून मळमळतं त्याला ते झेपणार नाही. जिप्सी ताडोब्यात चालते, चांगलीच चालते, पण ती तास-दोन तास हौसेने बसायची गाडी आहे, छातीत दुखणाऱ्या माणसाची नाही. स्कॉर्पिओत मधली सीट समोर तोंड करून आहे, रुंद आहे, एक माणूस उशी घेऊन आडवा होऊ शकतो. मी स्वतः आडवी होऊन पाहिलं.

निवडताना घाई केली नाही, बाबा. तुम्ही बैल घ्यायला जायचात तसंच गेले. मला खांद्यावर घेऊन, हातात फुटाण्यांची पुडी देऊन तुम्ही बैलबाजारात फिरायचात आणि मालकाशी सगळ्यात शेवटी बोलायचात. आधी दात, मग खांदा, मग खूर, मग जुंपून चालवून. दातांच्या जागी मी टायर पाहिले. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. या गाडीवर "१११७" होतं, म्हणजे २०१७चा अकरावा आठवडा. खाचा शाबूत दिसत होत्या, पण आठ वर्षांचं रबर कडक होतं. ते मी दरात कापून घेतलं. मालकाला आधीच निरोप दिला होता की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, थंड इंजिनला पहिला सेल्फ मीच मारणार. मग ऑइलचं झाकण उघडून धूर येतो का पाहिलं. जॅकवर चढवून खालची चासी हातोडीने ठोकत गेले, गंजून पोकळ झाली असेल तर आवाज बदलतो. बरोबर माझा नेहमीचा मेकॅनिक होता, पण ठोकलं मी.

याच्या आधी एक गाडी जवळजवळ घेतली होती, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. पांढरी, चकचकीत, किंमत ऐंशी हजारांनी कमी. एजंट म्हणाला, एका हाताची आहे. मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर खालचा हातभर पट्टा मातकट, आणि सीटखालच्या रुळांना गंज. पुरात बुडालेली गाडी होती. अशा गाडीची वायरिंग आज चालते आणि भर पावसात दगा देते. मी तिथूनच परत फिरले.

ही गाडी चंद्रपूरच्या एका निवृत्त गृहस्थांची. एमएच-३४. सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावून ठेवलेली, बाबांसारखी. बाहेरच्या राज्याची गाडी स्वस्त मिळत होती, पण मग तिथली एनओसी, इथे पुन्हा रोड टॅक्स, नवा नंबर, नको तो ताप. ही महाराष्ट्रातली, त्यामुळे चंद्रपूरच्या आरटीओची एनओसी आणि फॉर्म २९ व ३० एवढ्यावर भागलं. कर्जाचा बोजा नाही, चालान बाकी नाही. आरसी २०३०पर्यंत आहे, पुढे तपासणी करून वाढवता येते. इन्शुरन्सही माझ्या नावावर करून घेतला. नुसतं नाव बदलून इन्शुरन्स जुन्याच्या नावावर ठेवला तर अपघात झाल्यावर क्लेम अडतो. एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना ती नवी हाय-सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची आहे, तीही बसवली.

काम भरपूर काढलं. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट, पुढच्या लोअर आर्मच्या बुशा, बॉल जॉइंट, ब्रेक पॅड, बॅटरी, बेल्ट. इंजिन ऑइल तर आलंच, पण गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) आणि पुढचं-मागचं डिफरन्शियल, चारही ठिकाणचं ऑइल बदललं. ते बहुतेक लोक विसरतात. फोर-बाय-फोरचा नॉब फिरवला तर काहीच होत नव्हतं. कित्येक वर्षं कुणी वापरलाच नव्हता. खालची मोटर आणि कनेक्टर साफ केल्यावर लागला, तेव्हा मी मेकॅनिकसमोर रडले, आई. समोर मोठं लोखंडी गार्ड होतं, ते काढून टाकलं. २०१७पासून त्याला बंदी आहे, आणि धडक बसली तर एअरबॅग वेळेवर उघडायला त्याची अडचण होते. काळी फिल्मही काढली. टायर त्याच मापाचे, पण जाड खाचांचे टाकले, स्टेपनीसकट पाच. ते पैसे दादाने दिले, न मागता. हे त्याला फोनवर आवर्जून बोलून दाखवा.

आता पैशांचं. गाडीचे सहा लाख चाळीस हजार, कामाचे एक लाख अठरा हजार. मी हिंगणघाटचा प्लॉट विकला.

बाबा, तो तुम्ही दोन वर्षांच्या कापसावर घेतला होता आणि माझ्या नावावर केला होता. त्या वर्षी आईने पाटल्या मोडल्या नाहीत असं तुम्ही दोघं सांगत आलात. मला माहीत होतं की मोडल्या. विचारून विकायला हवा होता. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि मग मला तुमचा शब्द मोडून विकावा लागला असता. त्यापेक्षा हे बरं वाटलं. चुकलं असेल. पण तुम्ही तो माझ्या अडीअडचणीला ठेवला होता ना? मला तुमच्या त्या रात्रीपेक्षा मोठी अडचण आयुष्यात आली नाही. तुमचे जावई आधी गप्प झाले, मग म्हणाले, बाबांना पत्र लिही, मेसेज नको. उरलेले पैसे मी पोस्टात आईच्या नावाने ठेवणार आहे. आई, आधार कार्ड आणि दोन फोटो काढून ठेव. नाही म्हणायचं नाही.

एसी चांगला आहे. आत्ता ४४-४५च्या उन्हातही दहा मिनिटांत गार होते. मधल्या सीटवर मऊ चादर आणि आईसाठी मानेची उशी ठेवली आहे. पुढच्या खणात आवळासुपारी, बाबांच्या गोळ्यांची एक जादा पट्टी, सेवाग्रामच्या फाइलची झेरॉक्स. बाजूला पाय ठेवायला पट्टी आहे आणि आत धरायला दांडा.

आता ऐका, आणि यात सूट नाही.

गाडी लहाना चालवेल, बाबा नाही. तुम्ही मला राजदूतच्या टाकीवर बसवून रपट्यावरून नेत होता, तेव्हा मला जगात तुमच्याइतका पक्का हात कुणाचाच वाटत नव्हता, आजही वाटत नाही. पण डॉक्टरांनी अजून नको म्हटलंय. लहान्याचं लायसन्स मी पाहिलं आहे. मृग लागायच्या आत दोन रविवार मी त्याला पांधणीवर शिकवणार. ओल्यात शिरायच्या आधीच नॉब फोर-हायवर, म्हणजे चारही चाकं नेहमीच्या चालीने, दुसरा गिअर, एका चालीने, मध्ये थांबायचं नाही. रुतलीच तर फोर-लो, म्हणजे चारही चाकं हळू पण जास्त जोराने, आणि टायरची हवा वीस-बावीसवर उतरवायची. भरायला छोटा पंप मागे ठेवला आहे. पट्टा, फावडं, दोन फळ्याही आहेत. डांबरीवर आलं की आठवणीने परत टू-व्हीलवर. कोरड्या रस्त्यावर फोर-बाय-फोर लावून वळवली तर आतले गिअर पिळवटतात.

रपट्यावर पाणी असेल तर गाडी रपट्यावर घालायची नाही. घोट्याएवढं असलं तरी नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. २०२१मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात अख्खी एसटी गेली, तुम्ही टीव्हीवर पाहत होता आणि आई उठून आत गेली होती. वाहतं पाणी गाडीला खालून उचलतं, मग चार चाकं ओढोत की आठ. मेकॅनिक स्नॉर्कल बसवू का विचारत होता, म्हणजे हवा वरून घेणारी नळी. मी नको म्हटलं. ती दिसली की माणसाला पाण्यात घालावीशी वाटते. आपल्यासाठी पांधण आहे. लांब आहे, पण तिच्यात नाला नाही.

दर गुरुवारी लहान्याने पंधरा मिनिटं चालवून आणायची, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा ओल्या मातीत फोर-बाय-फोर लावून पाहायची, नाहीतर ती मोटर पुन्हा धरेल. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून सरकीची पोती तिच्या जवळ नकोत. बॉनेटवर कुरडया वाळत घालायच्या नाहीत, आई, जागा कितीही छान तापली तरी. लग्नाला, कापूस न्यायला, कुणालाही द्यायची नाही. बाबांना नाही म्हणता येत नाही हे मला माहीत आहे. तेव्हा सरळ सांगा, पोरीची आहे, तिला विचारा. पण गावात कुणाच्या घरी बाळंतपण अडलं, कुणाला साप चावला, तर विचारत बसू नका. लहान्याला किल्ली द्या आणि मग मला फोन करा.

उद्या नाही, पुढच्या रविवारी, २५ला, पहाटे निघते. बुटीबोरी, जाम चौरस्ता, आणि तिथून आत. डांबरी आणि रपटा आत्ता कोरडा असला तरी मी पांधणीने येणार आहे. मला त्या चार किलोमीटरचा प्रत्येक खड्डा पाहून ठेवायचा आहे. बाबा, उन्हात धुऱ्यावर येऊन उभे राहू नका. फाटक तेवढं उघडून ठेवा आणि निंबाखालची बंडी हलवून घ्या, तिथे सावली जास्त वेळ राहते. सकाळची गोळी घेऊन मगच माझ्यावर रागवा.

तुमची
बेबी

ता. क. आई, पायपट्टी जमिनीपासून मोजली तर तुझ्या गुडघ्याला उंच पडेल असं वाटतं. मधल्या खोलीत माळ्यावर माझा लहानपणचा जेवायचा पाट आहे, पितळी फुल्यांचा. तो काढून, धुऊन ठेव. त्याच्यावर आधी पाय, मग पट्टीवर. उंची पुरते का ते रविवारी पाहू, नाही पुरली तर खाली लाकडाच्या दोन पट्ट्या ठोकून आणेन.