थोरल्या बाबांच्या मागावर निघालेल्या मनूस

शिवाजी पेठ, कोल्हापूर
सर्वपित्रीचा दुसरा दिवस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

महालक्ष्मी एक्स्प्रेस सुटेपर्यंत तू दारात उभी होतीस आणि मी डब्यातल्या भाकऱ्यांबद्दलच बोलत राहिले. बोलायचं होतं वेगळंच. आदल्या रात्री तू म्हणालीस, "अंदमानला धाडलेल्या कैद्यांच्या यादीत थोरल्या बाबांच्या नावापुढं दरोडा लिहिलंय," आणि आप्पा ताटावरून उठले. त्यांचा राग तुझ्यावर नाही. कोल्हापूरच्या राजांचे भाऊ चिमासाहेब महाराज, त्यांना इंग्रजांनी कराचीला नेलं, ते तिथंच वारले, आणि त्याच धामधुमीत आपले बाबा पकडले गेले, हे ऐकतच ते वाढलेत. डिसेंबर १८५७ मध्ये शहराचे दरवाजे बंद करून लोक इंग्रजांविरुद्ध उठले, तेव्हा बाबा आत होते, असं मामंजी सांगायचे. त्यावर एक रकाना पाणी ओततो म्हटल्यावर माणूस उठणारच. बंडात सापडलेल्याला दरोडेखोर ठरवणं सरकारला अवघड नव्हतं. आणि खरंच दरोडा घातला असेल, तर तोही आपलाच माणूस. मी आप्पांना तसं म्हटलं. ते काही बोलले नाहीत, पण रात्री तुझ्या टेबलावरची ती झेरॉक्स हातात घेऊन बसले होते. मोडी त्यांना येत नाही. या घरात ते अक्षर लावणारी इतक्या वर्षांत तूच. हे तुला कधी म्हटलं नाही, आज म्हणते.

मला दरोड्याचं भय नाही. भय आहे ते आत्तींचं.

काल त्यांनी बाबांचं पान वेगळं वाढलं, तू बघितलंस. गेल्याची तिथी माहीत नाही म्हणून सर्वपित्रीला. माझं लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बघते आहे, आणि त्याआधी त्यांच्या सासूबाई वाढत होत्या. बाबांच्या बायकोनं, थोरल्या बाईंनी, मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही, ही गोष्ट आत्ती अजून सांगतात. कुणी येऊन सांगितलंच नाही, तर पुसायचं कशाच्या जोरावर? गावात हळदीकुंकवाला बोलावायचं की नाही, यावरून बायकांत कुजबुज व्हायची म्हणे. पोर पदराशी, दीर-भावजयींच्या घरात राहायचं, आणि आपण सवाष्ण की विधवा हेच ठरलेलं नाही. जिवंत असते तर ते आलेच असते, यावर त्या बाईंचं आयुष्य गेलं आणि आत्तींचाही त्यावर विश्वास आहे.

आणि तू मला सांगितलंस की काही वर्षं चांगल्या वागणुकीत काढली की कैद्याला तिकीट, म्हणजे तिथंच मोकळं राहायची परवानगी, मिळायचं, तो जमीन कसायचा, गावाकडून बायकोला बोलावून घ्यायचा, नाहीतर तिथल्याच एखाद्या कैदी बाईशी लग्न लावायचा. मनू, तसं निघालं तर आत्तींना काय सांगशील? दोष देत नाही मी त्यांना. माणूस एकटा किती राहणार. पण आत्तींचं वय बघ. पुढच्या सर्वपित्रीला त्यांचा हात थांबायला नको.

हा विषय पुरे. प्रवासाचं लिहिते.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या दप्तरखान्यात दिवसभर बसशील, तर मधे उठून काहीतरी खा. धुळीनं तुझा दमा उठतो, पंप पिशवीत वरच ठेव. अंदमानात पाऊस संपलेला नसेल, तेव्हा बोटीतून बेटांवर जाताना उगाच धाडस नको. आणि तिथल्या लोकांशी बोलताना जपून बोल. कैद्यांचे वंशज म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली घरं आहेत ती. "तुमचे पणजोबा काय करून आले?" असं कुणाला विचारायचं नसतं. आधी आपलं सांगावं, आमचेही असेच आले होते म्हणावं, चहा घ्यावा, मग ते आपणहून बोलतील. आणि वही लगेच काढू नकोस, माणसं गप्प होतात. पूर्वी आपल्याकडं...

बघ, पुन्हा शिकवायला लागले. तुला हे सगळं माझ्याहून बरं कळतं. रागावू नकोस.

तू मला खरी गोष्ट दाखवलीस तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते. आत्तींनी देवघराशेजारी लावलेलं सेल्युलर जेलचं चित्र बघून आम्ही सगळे हात जोडायचो. तू म्हणालीस, ते बांधायला घेतलं १८९६ मध्ये आणि पुरं झालं १९०६ मध्ये, बाबांच्या वेळी तिथं भिंतसुद्धा नव्हती. १० मार्च १८५८ ला डॉक्टर वॉकर दोनशे कैदी घेऊन उतरला, आणि मग बोटीमागून बोट. चॅथम, रॉस बेटांवर रान तोडायचं, पायात बेडी, वरून पाऊस, ताप. पळून गेलेल्यांपैकी ऐंशीहून जास्त जणांना त्याच वर्षी फाशी दिलं. त्यांत बाबा असतील का, हे मी तुला विचारलं आणि तू खांदे उडवलेस. तेव्हापासून वाटतं, तिकडं लग्न केलेलंच निघू दे. निदान म्हातारे झाले असतील, कुणी भाकरी करून घातली असेल. पण मग आत्तींना काय सांगायचं?

जपान्यांनी १९४२ ते १९४५ ही बेटं ताब्यात ठेवली तेव्हा पुष्कळ दप्तर गेलं, असं तू म्हणालीस. म्हणून तिथं हाती काही लागलं नाही तरी खचू नकोस. दिल्लीत नकला असतील, लंडनला असतील. पैशाचं बघू. आप्पांना विचारायची गरज नाही, माझ्या भिशीचे आहेत.

आता माझं काम. सुगीला हेळवी आला होता, तुला आठवत असेल, बैल चौकात बांधून त्यानं वंशावळ वाचली. बाबांच्या नावाशी आला आणि म्हणाला, काळ्या पाण्यावर गेला, पुढं मुलाचं नाव. मी विचारलं, बायको? त्याच्या वहीत नव्हतं. आत्तींना ठाऊक नाही, भाऊंच्या घरीही नाही. सगळे थोरल्या बाईच म्हणतात. इतकी वर्षं कुंकू लावून बसलेल्या बाईला नाव नाही.

बाबांनी बायकोला बोलावण्यासाठी अर्ज केला असेल, तर त्यात तिचं नाव, बापाचं नाव, गाव असणारच. तो अर्ज कोल्हापुरापर्यंत पोहोचला असेल आणि दिरांनीच तिला सांगितला नसेल, असंही माझ्या मनात येतं, पण ते जाऊ दे. तू फक्त बाबांचं नाव शोधत बसू नकोस. अर्जांचे कागद वेगळे ठेवलेले असतील तर तेही माग.

सापडला तर आधी मला फोन कर, आप्पांना नको, रात्री कितीही वाजलेले असोत. दुसऱ्या लग्नाचा कागद निघाला तरी आधी मलाच. आत्तींना कधी आणि किती सांगायचं, ते आपण दोघी बसून ठरवू.

तुझी
आई